राखीव खेळाडूचा परिचय

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावातल्या पार्कमध्ये रेषा मारणारा माणूस येतो. हातगाडीसारखं एक यंत्र ढकलत तो गवतावर पांढरा रंग सोडत जातो आणि दोन तासांत नुसत्या हिरवळीचं मैदान होतं. संध्याकाळी चालायला गेलो की मी थांबून ते बघतो. उकाडा अजून हललेला नसतो, शर्ट पाठीला चिकटतो, पाइनच्या सुया बुटात शिरतात. पण रेषा पडल्या की फॉल, म्हणजे इथला पानगळीचा मोसम, सुरू झाला असं आम्ही समजतो. मुलींच्या सॉकरचा सीझन लागतो, गाड्यांच्या डिकीत घडीच्या खुर्च्या येऊन पडतात आणि नोव्हेंबरपर्यंत एकही शनिवार आपला राहत नाही.

सहा फॉल झाले, रेषा बघितल्या की मला थोडं ओशाळल्यासारखं होतं. कारण सांगतो, पण त्यासाठी आधी हेमिशबद्दल सांगावं लागेल.

हेमिश आमच्या रेवाचा कोच. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या, मासेमारीवर जगणाऱ्या एका छोट्या गावचा. वडील बोटीवर, आई मासे साफ करायच्या शेडमध्ये. पंधराव्या वर्षी तो गावच्या टीममध्ये शिरला, एकोणिसाव्या वर्षी जवळच्या शहरातल्या क्लबानं त्याला पगारी खेळाडू म्हणून घेतलं. फॉरवर्ड होता, म्हणजे गोल मारणं हे त्याचं काम. ते त्यानं काही वर्षं चांगलं केलं. मग उजवा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, परत खेळला, परत गुडघा गेला. तिशीच्या आसपास अमेरिकेतल्या कुठल्याशा खालच्या लीगमध्ये खेळायला म्हणून आला, इथल्याच एका नर्सशी लग्न केलं आणि राहिला. आमची ओळख झाली तेव्हा त्यानं पन्नाशी ओलांडली होती. दिवसा फरश्यांच्या दुकानात काम करायचा, संध्याकाळी अकरा-बारा वर्षांच्या मुलींना शिकवायचा. गाडीतून उतरताना आधी डावा पाय टेकवायचा, मग उजवा हातानं उचलून बाहेर आणायचा.

पहिला महिनाभर त्याचं इंग्रजी आमच्यापैकी एकालाही कळलं नाही. आम्ही सगळे आयटीतले, रोज चार देशांशी कॉलवर बोलणारे. तरी तो बोलायला लागला की पुण्या-मुंबई-नागपूरच्या आठ-दहा बापांच्या माना नुसत्या डोलायच्या. प्रॅक्टिस किती वाजता ते मुली घरी आल्यावर सांगायच्या. त्याला मात्र आमचा एक शब्द पहिल्याच शनिवारी कळला. कडेला उभे राहून आम्ही "पळ! अगं पळ!" म्हणून कोकलत होतो. रेवाला मधे घेऊन त्यानं मला त्याचा अर्थ विचारला. सांगितल्यावर म्हणाला, "चांगला शब्द आहे. छोटा आहे." मग तो शब्द त्यानं स्वतःकडे ठेवून घेतला आणि आम्हांला ओरडायची बंदी केली. "कोच मी आहे. तुम्ही संत्री आणा."

म्हणून आम्ही संत्री आणायचो. सुजाता, माझी बायको, आदल्या दिवशी ती चिरून डब्यात भरायची. त्या फॉलचा वास मला आजही संत्र्यांचा येतो. संत्री, कापलेलं गवत, आणि मुलींच्या नडगीवरच्या पॅडचा कुबट वास. गाडीत तो महिनोन्‌महिने जात नसे.

हेमिशची एक पद्धत होती. राखीव मुलींना बाकावर बसू द्यायचा नाही. दर दहा मिनिटांनी त्यांनी कोपऱ्यातल्या झेंड्यापर्यंत पळत जायचं, परत यायचं, पाय ताणायचे, उभं राहायचं. सुरुवातीला टीमची नावं वाचताना अकरा नावं झाली की आवाज खाली यायचा नाही. राखीव नावंही तितक्याच मोठ्यानं वाचायचा. आमच्या रेवाचं नाव दर शनिवारी त्या दुसऱ्या वाचनात यायचं. ती झेंड्यापर्यंत पळायची, परत यायची, परत पळायची. पहिल्या तीन मॅचमध्ये ती मैदानात उतरलीच नाही.

तिसऱ्या मॅचनंतर गाडीचं दार आपटून ती म्हणाली, "बाबा, आय ॲम डन. मी सोडतेय."

तेव्हा मी तिला जे सांगितलं ते मी तोपर्यंत सगळ्या जगाला सांगत आलो होतो. "अगं, मी युनिव्हर्सिटीकडून क्रिकेट खेळलोय. ओपनिंग करायचो. मलाही सुरुवातीला वाट बघायला लागली होती."

हे खोटं होतं. मी युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये होतो एवढंच खरं. एका हिवाळ्यात तीन मॅचना मी बारावा गडी होतो. ड्रिंक्सच्या वेळी हातात किटली आणि ग्लासांचा ट्रे घेऊन पळत आत जायचं, कुणाला ग्लोव्हज बदलून हवे असले तर द्यायचे, पळत बाहेर यायचं. बॅट हातात घेऊन मी त्या मैदानात एकदाही उतरलो नाही. पुढे लग्नाचा बायोडेटा करताना छंदांच्या रकान्यात मामांनी "युनिव्हर्सिटी क्रिकेटपटू" असं घालून दिलं आणि मी ते राहू दिलं. बायोडेटात थोडं वाढवून लिहायचंच असतं, त्यात काय! पण ते वाक्य लग्नाबरोबर माझ्या घरात राहायला आलं. दहा-पंधरा वर्षांत त्याला ओपनिंग फुटलं, कव्हर ड्राइव्ह फुटला, आणि नंतर माझा मलाच तो चेंडू बॅटवर बसल्याचा आवाज आठवायला लागला.

वाढवून लिहिण्यात माझा हातखंडाच आहे म्हणा. इथल्या आमच्या मराठी मंडळात पाहुण्यांचा परिचय करून देणं हे कायम माझं काम. पाहुणा कुणीही असो, एकदा व्यासपीठावर बसला की त्याला मोठं करायचं, ही आपली रीतच. वाचायची आवड असली की 'गाढा व्यासंग' लिहायचं. दोनदा युरोपला जाऊन आला असला की 'जगभर भ्रमंती'. पाहुणे मान खाली घालून ऐकतात, "हे फारच झालं" असं म्हणतात आणि खूश होऊन घरी जातात. आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

त्या वर्षी गणपतीच्या कार्यक्रमाला हेमिशला प्रमुख पाहुणा म्हणून बोलवायचं ठरलं, कारण त्याच्या टीममधल्या निम्म्या मुली मंडळाच्या. आमच्या सेक्रेटरी वैशालीताई मला म्हणाल्या, "शिरीष, परिचय दणदणीत पाहिजे हं. मुलींना जरा कळू दे कोण शिकवतंय ते." मी हेमिशला माहिती पाठवायला सांगितलं. त्यानं चार शब्द पाठवले. समुद्राकाठचा, फॉरवर्ड, गुडघा, कोच. यावर काय डोंबल परिचय करणार!

मग एकदा गोलची जाळी आणायला मी त्याच्या गॅरेजमध्ये गेलो. भिंतीवर एक फोटो होता. गडद निळ्या ट्रॅकसूटमधले तरुण, ओळीत उभे, छातीवर देशाचं चिन्ह. डावीकडून दुसरा हेमिश, डोक्यावर भरपूर केस असलेला.

"तू देशाकडून खेळलायस?" मी विचारलं.

"तिथे होतो मी," तो म्हणाला, आणि जाळीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

मला तेवढं पुरे होतं. पुढचं मी घरी बसून केलं.

कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. दीड-दोनशे माणसं, रविवारची दुपार, मागे मोदकांचे ट्रे. हेमिश कोट घालून आला होता, तो त्याला खांद्यात घट्ट होत होता. मी आधी मराठीत वाचलं, मग पाहुण्यांसाठी इंग्रजीत. "अनेक आंतरराष्ट्रीय सामने गाजवणारे, स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाचे आघाडीचे शिलेदार." टाळ्या पडल्या. वैशालीताईंनी त्याच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. मी बघितलं, त्याचे कान लाल झाले होते. मला वाटलं लाजला.

तो माइकपाशी आला. त्या दिवशी तो इतका सावकाश बोलला की सगळ्यांना प्रत्येक शब्द कळला. म्हणाला, माझ्या मित्रानं जे वाचलं ते छान आहे, पण तसं झालं नव्हतं. दोन मोठे खेळाडू जखमी झाले म्हणून मला एकदा बोलावलं होतं. एकदाच. परदेशात मॅच होती. मी बाकावर होतो. साठाव्या मिनिटाला मला सांगितलं, वॉर्मअप कर. मी बाजूच्या रेषेवर पळत राहिलो. शेवटची पाच मिनिटं राहिली तेव्हा मॅनेजरनं बोलावलं, ट्रॅकसूट काढ म्हणाला. मी काढला. रेषेवर जाऊन उभा राहिलो. तेवढ्यात बचाव फळीतला आमचा एक बॅक लंगडायला लागला, मग माझ्याऐवजी दुसरा बॅक आत गेला. मी ट्रॅकसूट परत चढवला. पुढच्या वसंतात गुडघा गेला आणि मला पुन्हा कुणी बोलावलं नाही. त्या रेषेपासून मैदान एका पावलावर होतं. मी देशाकडून खेळलेलो नाही.

मग नारळाकडे बघून म्हणाला, "हे फोडायचं कसं, ते कुणीतरी सांगा."

हॉल हसला, टाळ्यांचा कडकडाट झाला. वैशालीताई माझ्या कानात म्हणाल्या, "किती विनय रे त्यांच्यात!" माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, मोठी माणसं अशीच असतात. मी इकडेतिकडे बघितलं. दोनशे माणसांत त्याचं बोलणं कुणी खरं धरलेलंच नव्हतं. परिचयच जिंकला होता. चौथ्या रांगेत रेवा मात्र टाळ्या वाजवत नव्हती. ती हेमिशकडे एकटक बघत होती.

घरी येताना सुजाता पाठीमागे बसून मोदकांचा डबा सांभाळत होती. रेवा माझ्या शेजारी. सिग्नलला ती म्हणाली, "बाबा, तू तर खरंच खेळलास ना? म्हणजे, ॲक्चुअली ग्राउंडवर?"

मी म्हणालो, "हो."

एवढंच. तासाभरापूर्वी एका माणसानं शाल अंगावर घेऊन, परक्या लोकांसमोर, आयुष्यभराची सल सांगितली होती. आणि मी सीटबेल्ट लावून, स्वतःच्या मुलीला, एका अक्षरात खोटं बोललो. मला लाज वाटली. पण हिरवा दिवा लागला आणि आम्ही वळलो.

रेवानं टीम सोडली नाही. पुढच्या शनिवारपासून ती झेंड्यापर्यंत जास्त जोरात पळायला लागली. नोव्हेंबरात सकाळी गवतावर दहिवर पडायचं, तेव्हा हेमिश आमची ती शाल मफलरसारखी गळ्यात गुंडाळून प्रॅक्टिसला यायचा. जर निघून आलेली, नारिंगी शाल. सीझनच्या शेवटच्या मॅचला चार मिनिटं राहिली असताना त्यानं रेवाला बोलावलं. ती आत गेली. तिचा पाय चेंडूला दोनदा लागला. एकदा चेंडू गेला प्रतिस्पर्ध्यांकडे, एकदा बाहेर. शिट्टी झाली. ती लालबुंद होऊन आली, आणि हेमिशनं सगळ्यांशी केलं तसं तिच्याशी हस्तांदोलन केलं. मी फॅमिली ग्रुपवर लिहिलं, 'रेवा आज फायनल मॅच मस्त खेळली.' तिनं फोन माझ्या हातातून घेतला आणि खाली टाइप केलं, '४ मिनिटं. २ टच.' पुण्याहून माझ्या भावानं अंगठा दाखवला.

पुढे रेवा चौदा वर्षांची झाल्यावर हेमिशच्याच सांगण्यावरून रेफरीचा कोर्स करून आली. दर शनिवारी लहान मुलींच्या मॅचमध्ये शिट्टी वाजवते. हेमिश दोन वर्षांपूर्वी परत गेला. त्याची मोठी बहीण आजारी होती, गावात तिचं करणारं कुणी नव्हतं. बायकोही गेली त्याच्याबरोबर. त्यांना संकोच होतो म्हणून निरोपाला मंडळानं परिचय नको असं एकमतानं ठरवलं.

हे सगळं मी माझ्यापाशीच ठेवलं असतं, पण इथे फॉल हा कॉलेजच्या अर्जांचाही सीझन असतो. रेवा आता सतरा वर्षांची, शाळेचं शेवटचं वर्ष. सप्टेंबरपासून आमच्या डायनिंग टेबलवर अर्ज, डेडलाइन आणि चिडचिड. अर्जाबरोबर स्वतःबद्दल एक निबंध द्यावा लागतो. गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी तिनं लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "स्पेलिंग चेक कर ना. आज सबमिट करतेय."

निबंध हेमिशवर होता. पळण्यावर, झेंड्यावर, निळ्या ट्रॅकसूटवर. चांगला लिहिला होता, उगाच फुगवलेला नव्हता. आणि तिसऱ्या परिच्छेदात मी होतो. तिनं लिहिलं होतं, माझे वडील त्यांच्या युनिव्हर्सिटीकडून ओपनिंग करायचे. मैदानात उतरणं काय असतं ते मी त्यांच्याकडून ऐकलं, आणि न उतरता तयार राहणं काय असतं ते कोचकडून.

खाली एक ओळ होती. यातली सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे. त्याच्याखाली तिचं नाव.

सुजाता ओट्यापाशी पोहे भिजवत होती. मी दोनदा वाचलं. स्पेलिंगच्या चुका नव्हत्या. 'छान आहे' म्हटलं असतं तर पाच मिनिटांत तो निबंध गेला असता आणि जन्मात कुणाला कळलं नसतं. कोण कशाला शोधायला जातंय! पण आता त्या खोट्याखाली तिची सही होती.

"रेवा, तिसरा पॅरा बदलायला लागेल," मी म्हणालो. "मी ओपनिंग करायचो नाही. मी खेळलोच नाही. बारावा होतो. पाणी न्यायचो."

तिला आधी वाटलं मी चेष्टा करतोय. मग तिचा चेहरा उतरला.

"कारमध्ये मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली. "आय रिमेंबर. इंडिकेटर चालू होता. तू हो म्हणालास."

"हो."

"कोचनी दोनशे लोकांसमोर सांगितलं, बाबा. तुझ्यासमोर फक्त मी होते."

ती लॅपटॉप घेऊन वर गेली. सुजाता हात पुसत आली आणि माझ्यासमोर बसली. मी म्हणालो, "तुलाही सांगायचं राहिलंय." ती म्हणाली, "मला लग्नानंतर तिसऱ्या आठवड्यात तुझ्या भावानं सांगितलं होतं. मी वाट बघत होते." तिनं पोह्यांवरचं ताट काढलं आणि फोडणीला गेली.

निबंध त्या दिवशी गेला नाही. तीन दिवसांनी गेला. तिनं मला दाखवला नाही, मी विचारलं नाही. तिसऱ्या परिच्छेदात आता काय आहे, किंवा मी त्यात आहे की नाही, मला माहीत नाही. घरात ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. गाडीची किल्ली, कचऱ्याचा दिवस, वायफाय.

मी हेमिशला मेल केला. जे झालं ते सगळं लिहिलं, वाढवलं काही नाही. चौथ्या दिवशी उत्तर आलं. बहीण आता खिडकीपर्यंत चालत जाते, वारा फार आहे, वगैरे. मग खाली, 'त्या बाकाबद्दल मी तोपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही अर्धवटच. तू एक मॅच म्हणाला असतास तर मी गप्प बसलो असतो. तू "अनेक" म्हणालास, मग बोलावंच लागलं. मुलीला वेळ दे.' मी ते वाचून एकटाच हसलो, आणि मग मला त्याची फार आठवण आली.

परवाच्या शनिवारी थंडी पडली होती. रेवाला नऊ वर्षांच्या मुलींची मॅच होती, मी नेहमीसारखा खुर्ची घेऊन कडेला. शेजारी एक नवीन बाप होता, नागपूरचा, याच वर्षी बदली होऊन आलेला. त्याची मुलगी राखीव. तो "पळ, बेटा, पळ!" ओरडत होता आणि त्याची मुलगी तर बाकाशी उभी होती.

"काय यार, खेळवतच नाहीत तिला," तो मला म्हणाला. "तुम्ही खेळायचे का काही, काका?"

काका म्हणाला! असो.

"क्रिकेट," मी म्हणालो. "युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये होतो. बारावा. तीन मॅचना पाणी नेलं, खेळलो एकही नाही."

हाफटाइमची शिट्टी कधी झाली ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. रेवा रेषेच्या पलीकडे, चार हातांवर, बुटाची नाडी बांधत बसली होती. तिनं वर बघितलं नाही. नाडी बांधून उठली आणि मैदानाच्या मध्यावर जाऊन उभी राहिली. मुली आपापल्या कोचकडे संत्री खायला गेल्या. सगळ्या मैदानात ती एकटी, पिवळ्या शर्टात.

मग तिकडून तिनं हाक मारली, "बाबा, पाणी."

तिची बाटली माझ्या खुर्चीखाली होती. ती घेऊन मी रेषेपाशी गेलो आणि थांबलो. पालकांनी आत यायचं नाही असा नियम आहे, आणि तो नियम पाळायला लावणारी तीच.

"ये ना," ती म्हणाली.

मी रेषा ओलांडली. गवत ओलं होतं. मध्यापर्यंत चालत जायला वाटतं त्याहून जास्त वेळ लागतो, हे मला तीस वर्षांपूर्वीपासून माहीत होतं. ती अर्धी बाटली प्यायली, बाहीनं तोंड पुसलं, बाटली परत दिली.

"एवढं हळू?" ती म्हणाली. "ट्वेल्थ मॅन पळत येतो ना?"

मी नुसती मान हलवली. तिनं घड्याळ बघितलं, शिट्टी तोंडाशी नेली, आणि ती वाजवायच्या आधी म्हणाली, "चल, पळ आता."

मी पळालो.